नाकारलेल्या मालाचं कारण

प्रिय टिल्ले,

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस की शिकवायचं काम गेलं, आता पुन्हा कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून कचरा निवडतेस. कुठल्याशा ग्राहकाने तक्रार केली, एवढंच तुझे साहेब म्हणाले. तू हसलीस म्हणून मीही हसले आणि दूध उतू जातंय असं खोटंच सांगून फोन ठेवला. आई बरी आहे. गुडघे दुखतात म्हणून भाजी निवडायला बसत नाही, पण वरच्या मजल्यावर गप्पा मारायला जिने चढून बरोब्बर जाते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमची धाकटी आता लोकांना शिकवते. ते काम गेल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तू आमच्या हॉटेलात आलीस तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्याकडून गेलेला कागद-पुठ्ठा सारखा परत येत होता, म्हणून तुमच्या कारखान्यातून कुणी बाई येऊन सगळं समजावून सांगतील, इतकंच मला कळलं होतं. दारातून तूच आत आलीस. माझ्या हाताखाली खोल्या आवरणाऱ्या सगळ्या मुली तिथे होत्या, स्वयंपाकघरातली माणसं होती, मॅनेजर होते. त्या सगळ्यांना मी कधीपासून सांगून ठेवलंय की माझी बहीण मोठ्या कंपनीत अधिकारी आहे. तू मला बघून खुलून हाक मारणार तोच मी म्हटलं, नमस्कार मॅडम, या. तुझा चेहरा जरासा उतरला, मग तूही मला मॅडम म्हणालीस. शाळेच्या नाटकात तुला एक वाक्य धड पाठ व्हायचं नाही, आणि त्या दिवशी मात्र माझी कुणीच नसल्याचं सोंग तू शेवटपर्यंत वठवलंस.

शिकवलंस मात्र झकास. माझी परीटघडीची पांढरी चादर मागून घेतलीस, जमिनीवर अंथरलीस आणि आमची कागदाची निळी पेटी तिच्यावर उपडी केलीस. माझा जीव चादरीत अडकला होता, बाकीच्यांचा तुझ्या बोलण्यात. भेसळ फक्त दुधात असते असं मला वाटायचं. तू सांगितलंस की चांगल्या कागदात एक तेलकट खोकं पडलं तरी ती भेसळच, कारण तेल आजूबाजूच्या कागदात पसरतं. गासडी म्हणजे यंत्राने दाबून पट्ट्यांनी बांधलेला एकाच जातीचा माल, तिच्यात दुसरी जात घुसली की घेणारा अख्खी गासडी परत पाठवतो. आणि भाबडा कचरा! ‘होईल काहीतरी याचं’ अशा आशेने लोक जे निळ्या पेटीत टाकतात, त्याला तू ते नाव दिलंस तेव्हा आचारी केवढ्याने हसला, आणि लगेच त्याचाच आत प्लॅस्टिक लावलेला कप निघाला. मग तू तुमच्याकडची रीत सांगितलीस. आलेला माल नाकारायचा असेल तर नाकारणाऱ्याने ढिगापुढे उभं राहायचं आणि कारण हातात धरून सगळ्यांना दाखवायचं. नुसतं नको म्हणून चालत नाही.

त्याच ढिगात अर्धी कॉफी राहिलेला एक पेला सापडला, त्याच्या कडेला माझी लिपस्टिक. तो रंग तूच मला वाढदिवसाला दिला होतास, तेव्हा तू ओळखला असणारच. आजूबाजूचे सगळे कागद भिजून काळे झाले होते. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तू तो पेला कडेने फिरवून बोटांत झाकलास आणि म्हणालीस, कुणाचा ते महत्त्वाचं नाही. मला तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. निघताना मॅनेजरनी गमतीने विचारलं, तुम्ही दोघी नात्यातल्या का हो, नाकं अगदी सारखी आहेत. मी म्हटलं, छे, काहीतरीच. तू बुटाची नाडी बांधायला खाली वाकलीस ती बराच वेळ वर बघितलं नाहीस. आपलं नंतर यावर एकदाही बोलणं झालं नाही. तू विषय काढला नाहीस, आणि मी त्याचा फायदा घेतला.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. तो ग्राहक मीच. तू पुढच्या महिन्यात पुन्हा येणार होतीस, आणि कुणीतरी दोघींची नाकं पुन्हा शेजारी शेजारी बघेल या भीतीने मी तुझ्या साहेबांना फोन केला, की पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवा. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, नकोत त्या, बस्स. तुझं काम जाईल असं वाटलं नव्हतं, पण तसा विचार करायचा त्रासही मी घेतला नव्हता. आज सकाळी मॅनेजरना आणि सगळ्या मुलींना सांगितलं की तू माझी सख्खी बहीण आहेस. मुली चादरींच्या घड्या घालत राहिल्या. सोमवारी मी तुमच्या कारखान्यात येतेय. साहेबांना फोनवर सांगता आलं असतं, पण रीत तूच शिकवलीस. तेव्हा पट्ट्यापाशी, सगळ्यांच्या देखत उभी राहीन आणि माल नाकारण्याचं कारण दाखवीन, ते म्हणजे मी. ते तुला काम परत देतील की नाही, मला माहीत नाही. तू तिथेच असशील. तुला मला ओळख दाखवावीशी वाटली नाही तर दाखवू नकोस. मॅडम म्हणालीस तरी मी ओ देईन.

तू म्हणू दिलंस तर अजून तुझीच,
ताई