भिंतीवरचे रंधे

३ मे, शनिवार
पहाटे साडेपाचला उठवलं. म्हटलं, पोरगं देवळात नेतंय. कसलं देऊळ — गराज सेल! इथं अमेरिकेत, वेस्ट विंडसरात, लोक घरातलं जुनंपानं दारात मांडतात, आणि आमचे चिरंजीव उल्हास ते दुसऱ्यानं उचलू नये म्हणून चहासुद्धा न घेता धावतात. ऑफिसात हाताखाली वीस माणसं, आणि इथं परक्याच्या खोक्यात कोपरापर्यंत हात! लोखंडी रंधा मिळाला. पातं गंजलेलं, मूठ तडकलेली. मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी घासून काढू. तर घाबरलाच. म्हणे, बाबा, त्या गंजाचीच तर किंमत आहे.

पंचेचाळीस वर्षं मी गंज काढत आलो. आधी सांगायचं की कुणीतरी.

४ मे
मोजले. गराजच्या भिंतीवर एकोणतीस रंधे. प्रत्येकावर छोटा दिवा. धार एकालाही नाही.

७ मे, बुधवार
बाथरूमचं दार फुगलंय. रेणू — सूनबाई — खांद्यानं ढकलून उघडते. घरात एकोणतीस रंधे, आणि उल्हासनं फोन करून दुरुस्तीवाला बोलावला! त्याला मंगळवारी सवड आहे म्हणे. मी म्हटलं, मी बघतो. तर म्हणे, बाबा, तुम्ही आराम करा. आराम करून करून पाठ धरलीय माझी.

१२ मे, सोमवार
दोघं ऑफिसला गेली. गराज सेलमधला तोच गंजका रंधा खाली घेतला. मागच्या अंगणात गुळगुळीत फरशी आहे, तिच्यावर पाणी टाकून पातं तासभर घासलं. मनगटावरचे केस भादरून बघितले — आली धार! दार उतरवलं. इथली दारं म्हणजे पुठ्ठा असतो, पण हे खऱ्या लाकडाचं निघालं. पहिल्याच हाताला कागदासारखी लांब साल निघाली आणि सांगलीत फोडायचो त्या देवदाराच्या खोक्यांचा तोच वास आला. मला रडू आलं. सत्तरीत, बाथरूमच्या दारापाशी, एकटाच!

मग सगळं झाडून घेतलं. दार लावलं, रंधा भिंतीवर ठेवला. वरचा गंज होता तसाच आहे, त्याची किंमत मी कमी केलेली नाही.

१३ मे
दुरुस्तीवाला आला. दार दहा वेळा उघडलं, मिटलं, येण्याचे पैसे घेऊन गेला. उल्हास म्हणाला, हवा बदलली असेल. रेणू माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर वाचत होतो. इंग्रजी पेपर. मला येत नाही.

१७ मे, शनिवार
आज तिघंही गेलो. इस्टेट सेल म्हणजे घरधनी वारला की आख्खं घर विकायला काढतात. घरचीच म्हातारी विकायला बसली होती. नवरा सुतार. तळघरात भिंतीवर प्रत्येक हत्याराची जागा त्यानं पेन्सिलीनं आखून ठेवलेली — इथं करवत, इथं काटकोन बघायचा गुण्या. हत्यारं टेबलावर, भिंतीवर नुसत्या आकृत्या. फार वेळ बघवेना.

एक पटाशी उचलली आणि सवयीनं धारेवर आडवा अंगठा फिरवला. म्हातारीनं ते बघितलं. उल्हासला काहीतरी विचारलं, त्यात 'कार्पेंटर' मला कळलं. मी जरा ताठ उभा राहिलो. खोटं कशाला बोलू?

उल्हास घाईनं म्हणाला, 'नो, नो.' पुढचं 'फर्निचर शोरूम' तेवढं मला कळलं.

शोरूम! सांगलीत पत्र्याची शेड होती, तीही भाड्याची. तिच्यावर हा शिकला. मेलेल्या सुताराचा रंधा दिव्याखाली लावायला चालतो, जिवंत बाप सुतार म्हणायला लाज वाटते. पटाशी खाली ठेवली. गाडीत कुणाशी बोललो नाही.

१८ मे
बोललो नाही.

१९ मे
आजही नाही. जेवण चांगलं होतं.

२१ मे, बुधवार
उल्हासला सांगितलं, तिकीट बदल, मला जायचंय. सप्टेंबरपर्यंत आहात ना, म्हणाला. म्हटलं, शोरूम उघडायचीय. त्याचा चेहरा पडला. पडू दे.

२२ मे
सकाळी उल्हास गराजात माझ्या मागोमाग आला. हळूच म्हणाला, 'त्या सेलमध्ये रेणू शेजारी उभी होती, बाबा. तिच्या आईला शोरूम तुम्हीच सांगितली होती ना?'

सांगितली होती. बारा वर्षांपूर्वी, पुण्यात, लग्नाच्या बोलणीत. प्राध्यापक बाई, पुस्तकांनी भरलेलं घर. तुम्ही काय करता, विचारलं, आणि माझी जीभ घसरली. बाप खोटा पडू नये म्हणून पोरानं ती शोरूम बारा वर्षं चालवली. विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. या वहीत लिहिलं नव्हतं, एवढंच.

तसाच स्वयंपाकघरात गेलो. रेणूला म्हटलं, 'मी सुतार आहे.'

तिनं तव्यावरची पोळी उलटली. 'माहीत आहे, बाबा. दार काय हवेनं दुरुस्त झालं?'

तिकीट होतं तसंच ठेवलं. शोरूम बंद केली.