उशाशी ठेवायचा स्कार्फ

१४ जून

प्रिय बाबा,

आज सहा मैल चालून ओढ्याकाठी तंबू लावला. पाऊस नाही, पण रेडवुडच्या शेंड्यांत अडकलेलं धुकं थेंबथेंब गळतंय. झाडंच झोपेत बोलताहेत असं वाटतं. मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

परवाना देताना वनरक्षक डॉयल म्हणाला, "वास येणारं सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात! टूथपेस्टसुद्धा. अस्वलं दात घासत नाहीत, पण चाखून बघतात."

आईचा स्कार्फ उशाशी घ्यायला आणलाय, हे मी त्याला सांगितलं नाही. ती जाऊन तीन महिने झाले, तरी स्कार्फला तिच्या लॅव्हेंडर क्रीमचा वास आहे. तुम्ही तो धुवायला काढलात, म्हणून न विचारता उचलला. रागावू नका.

तंबूत मात्र आईचंच बोलणं आठवलं, "तंबूत शिरायला चटावलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालतात. चूक आपली असते आणि जीव अस्वलाचा जातो."

डबा गच्च भरलेला होता. मी जेवत नाही म्हणून तुम्ही काळजी करता ना? जागा व्हावी म्हणून पाव, चीज आणि दोन्ही सफरचंदं खाल्ली. मग स्कार्फ घडी करून आत ठेवला, झाकण फिरवून घट्ट बसवलं आणि डबा शंभर पावलांवर ठेवून आले.

तुमची थिया