एका भिंतीवर चाळीस सुमी

मंगळवार, ढाणकी. कापूस वेचणीचे दिवस.

आज शोध समितीच्या साहेबांशी भांडली. बरं केलं!

हरवलेल्या सुमीच्या फोटोचे कागद चिकटवायचे आम्हाले नगावर पैसे भेटते. कापूस किलोवर वेचतो ना, तसं. मग काय होईन? आम्ही बायांनी स्टँडच्या एकाच भिंतीवर चाळीस कागद लावले. लाल रिबीनवाल्या चाळीस सुमी! आडवळणाच्या गावायत एक नाही. त्यातले दहा माझे. खोटं कायले लिहू?

साहेबाले म्हटलं, "नगावर नको, रोजी द्या. गावोगाव फिरतो, लोकायले विचारतो."

"पुण्याच्या कामाले रोजी मागता? लाज नाही वाटत?"

वाटली थोडी. सुमीची माय तिथंच बसून होती, अन् तिच्यासमोर मी पैशाचं बोलून राह्यली.

पण तीच उठली. "द्या हो रोजी. फुकट येणारे तिसऱ्या दिवशी वेचणीले गेले. हे बाई उद्या येईन तरी."

साहेबानं वहीत माझ्या नावापुढं रोजी लिहिली.

उद्या पहिल्या गाडीनं निघतो. एका गावात एकच सुमी लावीन, अन् रोजी पुरी घेईन. तिच्या मायसमोर घेईन.