पाण्यात सोडलेल्या नळ्या

उस्ताद,

आज मंगळवार, दुपारचे सव्वातीन. लातूरच्या एमआयडीसीत, आमच्या कारखान्याच्या तपासणी खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत इंजिनिअर मॅडम माझ्या भट्टीतल्या नळीचा नमुना वाकवून बघणार आहेत. कालपासून तो आम्लात उकळत होता. चीर पडली नाही तर साखर कारखान्याच्या बॉयलरसाठी केलेल्या सगळ्या नळ्या पास. पडली तर नळ्या भंगारात आणि भट्टी दुसऱ्याच्या हातात. मालकांनी तसं सरळ सांगितलं आहे. हाताला काहीतरी काम हवं, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. आणि मी तुमच्या शिकवणीविरुद्ध वागलो आहे, तेही सांगायचं आहे.

नांदेडचं तुमचं दुकान आठवतं. जिनिंगवाल्याचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पंप फुटलेला, तुम्ही जोड मारून तो गरम राखेत पुरायला काढता. त्यांचा ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतोय. तुम्ही राखेचं टोपलं आणायला वळता, तेवढ्यात तो पंपावर तांब्याभर पाणी ओततो. टण्ण! तुम्ही चिडत नाही. "घ्या," म्हणता, "एक आणला व्हता, दोन घेऊन चाला. घाईचं इनाम हाय." मग माझ्याकडे बघून म्हणता, "गरम चीजला सुकून, आराम दे रे बेटा. तिला असं वाटू नये की कुणी हाकलून राहिलं." ते माझ्या हातात इतकं मुरलं की तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी वेल्डिंग संपलं की माझा हात आपोआप काचलोकरीच्या गोधडीकडे जातो. जोड झाकायचा आणि सावकाश निवू द्यायचा. बॉयलरच्या साध्या पोलादी नळ्यांना ते लागूही पडलं. कधी तक्रार आली नाही.

पण या नळ्या स्टेनलेसच्या आहेत. बॉयलरमधली सगळ्यात तापलेली वाफ यांच्यातून जाणार. आधी नळीला नळी जोडायची. त्यात वेल्डिंगच्या एका थरानंतर दुसरा देण्याआधी जोड निवेपर्यंत थांबावं लागतं, तिथे तुमचा धीर कामाला येतो. मग इंग्रजी यू अक्षरासारखं वाकवायचं, भट्टीत पिवळीजर्द होईपर्यंत तापवायचं, आणि बाहेर काढताक्षणी पाण्याच्या टाकीत. मॅडमनी हे नीट सांगितलं होतं. मी मान हलवली, आणि पहिल्या खेपेला नळ्या काढून गोधडीखाली ठेवल्या. पाण्यात घालायचं धाडसच झालं नाही. त्या खेपेचा नमुना आम्लात उकळून वाकवला तर तळं आटल्यावर चिखल भेगाळतो तसा भेगाळला. मॅडम तो घेऊन माझ्याकडे आल्या. "दादा, गोधडी घातली होती?" मी हो म्हणालो. "का, थंडी वाजत होती का तिला?" मग शेजारी बसून त्यांनी समजावलं. हा धातू रेंगाळत थंड झाला की त्यातलं क्रोमियम कार्बनला जाऊन चिकटतं, कणांच्या कडांना गंजापासून राखणारं काही उरत नाही, आणि चीर तिथूनच जाते. पण परत तापवून झटकन निववलं तर ते पुन्हा धातूत मिसळतं. म्हणजे त्याच नळ्या एकदा सुधारता येतील. मालक म्हणाले, "एकदाच. मग मी भट्टीवर दुसरा माणूस बघतो. राग मानू नको."

शनिवारी भट्टीचं दार उघडलं. नळी आकड्याला लावून टाकीवर आणली आणि माझा हात थांबला. उदगीरचे मामा माझ्या जोडीला असतात, ते ओरडले, "आता काय मुहूर्त बघून राहिले का? निवून राहिली ना ती!" मी सोडली. पाणी असं गरजलं की वाफ छताच्या पत्र्यापर्यंत गेली. मी डोळे मिटून टण्ण आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. तरी भरवसा कसा ठेवायचा? कान काही नमुना तपासत नाहीत.

इथे बसल्या बसल्या मात्र दुसरंच आठवलं. दुकानात पहिलं आर्गॉन वेल्डिंगचं मशीन आलं, तेव्हा ते शिकवायला माझ्याच वयाचा पोरगा आला होता. तुम्ही स्टूल त्याला दिलं, स्वतः पोत्यावर बसलात आणि म्हणालात, "आज शागीर्द मी हाव. चहा मी आणतो, साहेब." तो पोरगा किती लाजला होता! ते आठवून जरा बरं वाटलं.

मध्येच आतून हाक आली म्हणून उठून गेलो होतो. मॅडमनी वाकवलेला नमुना माझ्या तळहातावर ठेवला, भिंग दिलं आणि म्हणाल्या, "शोधा चीर." मी या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं, मग उलटा करून बघितलं. मालक मागे उभे. म्हणाले, "अरे, न्हाई सापडत तर दे सोडून. पाडून दाखवतो का आता?" सगळे हसले. मला मात्र हसू जरा वेळानं आलं. नळ्या पास झाल्या, उस्ताद. उद्या पुढची खेप, आणि भट्टीवर मीच.

हे पत्र घडी घालून माझ्याकडेच ठेवतो. एक सांगायचं राहिलं. शनिवारी पहिली नळी पाण्यात सोडताना मी मनात तुमची माफी मागितली होती. दुसरीपासून विसरलो.