दुसरा पुरावा

९ मार्च, सोमवार

यादीत आज तीन नवी नावं. एक पाइपचा कारखाना, एक वकील, एक शाळा. कॉम्प्युटरना कुलूप ठोकून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी कुणाकुणाला गाठलं, ते सहा वर्षं लिहून ठेवतेय. बातम्या, कंपन्यांच्या सूचना, टोळ्या बळींची नावं जाहीर करतात ती त्यांची इंटरनेटवरची पानं — कुणालाही दिसतं तेवढंच. नियम एकच: दोन उघडे पुरावे असल्याशिवाय नाव चढवायचं नाही.

दादा रेडिएशन घेऊन चारला आला. डबा रिकामा. "काय हवालदार, सापडला का चोर?" रोजचंच! एकोणीस झाली, चौदा राहिली.

१० मार्च

दादाच्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर सकाळी 'तांत्रिक देखभाल'. हल्ला झाकायची ही भाषा शेकडो वेळा वाचलीय! दादाला घरीच थांबवलं, तडक तिथे गेले. काउंटरवर कार्बन पेपर घालून पावत्या फाडतायत. दारावर कागद — सोमवार सकाळपासून सर्व यंत्रणा बंद.

सोमवार? दादाला तर काल दिलं. बंद पडायच्या आत नंबर लागला असेल.

व्यवस्थापक म्हणाले, "दोन दिवसांत होईल, ताई." खोटं! माझ्या यादीतल्या हॉस्पिटलांना सरासरी तेवीस दिवस लागलेत. गाठ थांबणार आहे का तेवीस दिवस?

१२ मार्च

तीन हॉस्पिटलं पालथी घातली. सगळीकडे एकच — आधीच्या उपचाराचा आराखडा आणा. तो कुलपात! शेवटी आपल्याच मशीनवरच्या तंत्रज्ञाला जिन्यात गाठलं. हात जोडले. म्हटलं, साध्या कागदावर लिहून द्या, डोस किती, कुठे. दादाचं नाव ऐकून त्याने मान खाली घातली. "मला बोलता येणार नाही, ताई. तुम्ही भावाशी बोला."

भाऊ काय सांगणार! तो काय डॉक्टर आहे?

घरी आले तर हा जुना रेडिओ उघडून बसलाय. "चार दिवस सुट्टी मिळालीय, घेऊ की." इथे माझा जीव टांगणीला आणि याला सुट्टी सुचतेय! वाट्टेल ते बोलले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१३ मार्च

हल्ला झाला हे कुणी कबूलच करत नाही. दारावरचा कागद — एक पुरावा. दुसरा नाही. दर तासाला टोळ्यांची पानं उघडून बघतेय. चोरांनी तोंड उघडावं म्हणून आस लावून बसलेय, लाज वाटते स्वतःची. पण त्यांनी जाहीर केलं की हॉस्पिटलला झाकता येणार नाही. आराखडा तरी कुठूनतरी काढून द्यावाच लागेल.

१४ मार्च

काही नाही. दादाने चहा केला. साखर विसरला. दोघंही प्यायलो.

१६ मार्च, सोमवार

आलं. हॉस्पिटलचं नाव, खाली खंडणीच्या मुदतीची उलटी मोजणी, आणि धाक दाखवायला पानावरच डकवलेले सहा चोरलेले कागद. चोरलेलं मी कधीच उघडत नाही. हे उघडावं लागलंच नाही, समोरच होतं.

चौथा कागद. 'पुढील उपचार मी स्वतःच्या मर्जीने नाकारत आहे.' खाली दादाची लांब शेपटीची सही. तारीख ४ मार्च. समासात त्याच्याच अक्षरात — बहिणीला कळवू नये, ती भांडत बसेल.

४ मार्च! म्हणजे यंत्रणा बंद पडायच्या आधीच. मग गुरुवारी, शुक्रवारी, सोमवारी डबा घेऊन कुठे जाऊन बसत होता?

बाहेरच्या खोलीतून हाक आली. "काय हवालदार, सापडला का चोर?"

"नाही," म्हटलं.