पहिलीचं खातं

७ डिसेंबर, रविवार
लग्न होऊन डोंबिवलीहून कळव्याला आले त्याला आज आठवडा झाला. फ्लॅट झक्कास आहे, खाडीकडून वारा येतो, आणि संदेशला यंत्रांचं भलतंच वेड! दारांची कुलपं, दिवे, पंखे, गिझर, सगळं मोबाइलवर. पण प्रत्येकाचं ॲप वेगळं, पासवर्ड वेगळा. घामाघूम व्हायचं आणि आठवत बसायचं, पंख्याचा पासवर्ड कोणता! माझं तर डोकंच फिरलं. ऑफिसात दिवसभर हेच निस्तरते, मग घरात का नको? नवऱ्याला म्हटलं, टीव्हीखाली एक छोटा कॉम्प्युटर बसवते. माणशी एकच लॉगिन, त्यावर अख्खं घर चालेल. तो जाम खूश झाला.

१० डिसेंबर
कॉम्प्युटरची पेटी बसली, भिंतीवर तिचा टॅबही लावला. खाती उघडायला घेतली तर सासूबाईंनी अडवलं. संदेशची पहिली बायको समीक्षा, मागे याच घरात बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे गुदमरून गेली. आमच्या लग्नात आधी तिच्या नावाने सवाष्ण जेवू घातली, तिला साडी नेसवली, मगच मला. देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक आहे. आई म्हणाल्या, घरात नवीन काही आलं की पहिला मान तिचा, नाहीतर ती कोपते. मला हसू आलं. पण म्हटलं जाऊ दे, म्हातारीचं मन राखू. पहिलं खातं समीक्षाच्या नावाने उघडलं. पासवर्ड डोळे मिटून हवा तसा बडवला, तो मलाही ठाऊक नाही. मग संदेशचं, मृणाल म्हणून माझं, आईंचं. पेटीला हळदकुंकू वाहून आई चहा टाकायला गेल्या.

१३ डिसेंबर
समीक्षाच्या खात्यातून कोणीतरी लॉगिन केलंय. संदेश बाथरूममध्ये गेला की दिवा जातो, बाहेर आला की येतो. मी गेले तर काहीच नाही. मला वाटलं, हा याचाच फाजीलपणा. चांगलं झापलं त्याला. तो हसला नाही, पांढराफटक पडला. म्हणाला, ते खातं आत्ताच्या आत्ता काढ.

निघेना. मी पण काय बावळट! असल्या सिस्टिममध्ये जे खातं पहिलं उघडतं, तेच घराचं मालक. बाकीच्यांना त्याला हात लावता येत नाही. ऑफिसात नव्या पोरांना हे मीच शिकवते, आणि घरी सासूचं ऐकून माती खाल्ली.

१५ डिसेंबर
बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी नाही. होती, ती उपटून भोकं बुजवलीत आणि वर नवं इलेक्ट्रिक कुलूप बसवलंय. कडी का काढली, आईंना विचारलं. मेथी निवडता निवडता त्यांनी सांगून टाकलं. त्या दिवशी भांडण झालं, संदेशने समीक्षाला आत ढकलून कडी घातली आणि ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला निघून गेला. आत गिझर चालू. ती दार बडवत होती. आईंना ऐकू येत होतं. नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा, म्हणून या बसून राहिल्या.

बसून राहिल्या! आणि वर तिला पहिला मान देतायत. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

१६ डिसेंबर
संदेशला तोंडावर विचारलं. मुस्काटात मारली त्याने. मोबाइल हिसकावला, बेडरूममध्ये कोंडलं. म्हणाला, बाहेर बोललीस तर तुझंही तेच करीन.

मी रडले नाही. छताकडे बघून म्हटलं, समीक्षा, घर तुझं आहे. बघ काय करायचं ते.

खट् — कुलूप उघडलं. पण बाहेरच्या दारात तो खुर्ची टाकून बसलेला. परत आत येऊन बसले.

१७ डिसेंबर, दुपार
त्याने हातोडीने पेटी फोडली. चुरा केला. आता बघतो कशी येते, असं म्हणत अंघोळीला गेला.

खट् —

बाथरूमचं कुलूप. पेटी नाही, तरी — गॅस गिझर बंद होत नाहीये. दाराखालून वाफ. तो दार बडवतोय. पासवर्ड सांग म्हणून ओरडतोय. मला खरंच माहीत नाही. हे ओरडून सांगताना किती बरं वाटलं —

अजून दुपारच
भिंतीवरच्या टॅबवर अक्षरं आलीयेत. समीक्षाने मालकी सोडली. नवी मालकीण मृणाल. मान्य?

दाबलं.

आता ते कुलूप माझ्या हातात आहे. एक बटण. बाहेरचं दार सताड उघडं, मला जाता येईल. जात नाही. आई पाय धरतायत, अगं उघड, पोटचा पोर आहे माझा. तो आता ओरडत नाहीये, नुसता मधूनमधून —

म्हटलं, उघडते हो आई. बसा जरा. आजचं लिहून होऊ दे माझं, मग