काळी चौकट की सोनेरी?

४ मार्च

आज दुकानाच्या ऑनलाइन पानावर पहिला पोल टाकला! लेकीनं फोनवर चांगला धडा दिला होता — "आई, नुसते फ्रेमचे फोटो टाकलेस तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. लोकांना काहीतरी विचार. बोलतं कर." म्हणून विचारलं: लग्नाच्या फोटोला काळी चौकट की सोनेरी? संध्याकाळपर्यंत बरीच मतं पडली. दुकानात मात्र एकच जण आला, तोही पत्ता विचारायला.

हे काच कापता कापता म्हणाले, "काळीच. सोनेरी म्हणजे नुसता भपका."

५ मार्च

कुणी कशाला मत दिलं ते आपल्याला दिसतं! हे लेकीनं सांगितलंच नव्हतं. खाली खाली सरकवत गेले, सगळी गल्लीतलीच मंडळी. डॉक्टरीणबाई — काळी. मुख्याध्यापक — सोनेरी (वाटलंच होतं). आणि आमचे हे — सोनेरी!!

लेकीनंच यांना खातं उघडून दिलंय, फोटोच्या जागी हातोडी. मला वाटायचं, त्यावर फक्त बातम्या बघतात. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

९ मार्च

लेकीचा पुन्हा फोन. दुकान आवरा आता, आमच्याकडे राहायला या, वरची खोली रिकामी करून ठेवलीय. खोलीला मोठी खिडकी आहे म्हणे. मध्येच नातीनं फोन हिसकावला — "आजी, कधी येतेस?" मी शाळेचा विषय काढला.

जागेचा करार पुढे करायचा की नाही, ते मालकांना महिनाअखेर सांगायचंय. यांना विचारलं. "बघू." एवढंच! लग्न झाल्यापासून या माणसानं एक सरळ उत्तर दिलेलं नाही. पडदे निळे घेऊ की हिरवे? "दोन्ही चांगले." वैताग नुसता!

पण मग डोक्यात किडा वळवळला...

१० मार्च

पोल: चहात आलं हवं की नको?

फ्रेमच्या दुकानाचा आल्याशी काय संबंध! पण लोक तुटून पडले. डॉक्टरीणबाईंनी आल्याचे गुण लिहून पाठवले. मुख्याध्यापकांनी त्यांच्याशी वाद घातला. आणि हे — "नको."

इतकी वर्षं मी रोज आलं किसतेय, आणि हे निमूट पितायत!

११ मार्च

बिनआल्याचा चहा दिला. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कप रिकामा केला. अजून एक कप मागितला.

१६ मार्च

सोकावलेच मी. उशी एक की दोन? दुपारी पडावं की नाही? घरात तोंडाला कुलूप, फोनवर मात्र धडाधड मतं!

लेक खूश. "आई, काय प्रतिसाद आहे! लोकांना धरून कसं ठेवायचं, ते तुला बरोबर कळलंय." तिला काय सांगू, मी एकाच माणसाला धरून बसलेय! गंमत म्हणजे गिऱ्हाईकंही वाढलीत. उशीवर वाद घालायला येतात आणि जाताना फ्रेम घेऊन जातात.

२१ मार्च

गंमत पुरे. करार तोंडावर आलाय. माझं काही नाही, मी कुठेही रुळेन. यांचं मन कळलं की झालं. मनाविरुद्ध नेलं तर हे तिथे अवाक्षर काढणार नाहीत, नुसते कुढत बसतील. त्याचीच भीती वाटते.

शेवटी पोल टाकलाच. आम्ही दुकान चालू ठेवावं, की बंद करून लेकीकडे जावं?

२२ मार्च

सगळ्यांचं एकच — चालू ठेवा! मुख्याध्यापक तर स्वतः येऊन दम देऊन गेले, "बंद करून तर बघा!" किती बरं वाटलं.

यांचं मत नाही. सारखी फोन बघतेय. हे समोर बसून पुठ्ठा कापतायत, यांचा फोन पालथा पडलाय. पोल संपला तरी नाहीच!

आता काय करायचं?

२३ मार्च

सकाळी शटर उघडताना हे म्हणाले, "कुणाचं मत कुठे पडलं ते तुला दिसतं, हे मला त्या चहालाच कळलं. पण ही काय चारचौघांत बटण दाबून सांगायची गोष्ट आहे? मला नाही जायचं." मग म्हणाले, "तुला?"

मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं स्वतःला!

"मला जायचंय," मी म्हणाले.